दोनशे चार नंबरची खोली

वीरेश हत्तरकी हॉटेलच्या खोलीत शिरला की आधी न्हाणीघर उघडतो आणि बादली बघतो. पलंग, टीव्ही, खिडकीतला देखावा, हे सगळं नंतर. बादली आणि प्लास्टिकचा मग असेल तर ते हॉटेल माणसांसाठी बांधलंय, नसेल तर फोटोसाठी, असं त्याचं मत आहे आणि ते मला पटतं. शॉवरखाली एका पायावर उभं राहून दुसरा घासायला आपण काय बगळे आहोत?

वीरेश माझा विद्यार्थी. मी कॉलेजात भूगोल शिकवायची. हा नकाशे सुरेख काढायचा आणि उत्तरं तीन ओळींत संपवायचा. मूळचा गडहिंग्लजचा, आता शाहूपुरीत आमच्याच इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत पंपाचे ओतीव भाग तयार होतात. ते विकायला हा चाकण, राजकोट, होसूर, हुबळी असा फिरत असतो, आणि जिथे उतरला त्या हॉटेलवर फेसबुकवर लिहितो. त्याच्या पानाचं नाव ‘मुक्काम’. अकरा हजार लोक वाचतात. लिहिलेलं आधी माझ्याकडे येतं. मी विरामचिन्हं घालते आणि ‘अप्रतिम’ हा शब्द खोडते. बाकी खोडण्यासारखं फार नसतं. ‘गादी बरी. उशी म्हणजे दगड. पहाटे पाचला गरम पाणी, पहिल्या मिनिटाला. इडली साडेसहाला तयार, चटणी कालची.’ तीन ओळींची सवय शेवटी कामाला आली.

पहाटे पाचच्या पाण्याला कारण आहे. त्याची आई शांतादेवी, सगळे तिला अव्वा म्हणतात, भल्या पहाटे आंघोळ करते, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही. वीरेशही तसाच वाढला. फिरतीवर सुद्धा चुकवत नाही.

तो शक्यतो एकाच कंपनीच्या हॉटेलांत उतरतो. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, त्यांना फुकट जाहिरात कशाला? त्यांचं एक कार्ड असतं. वर्षात साठ रात्री त्यांच्याकडे काढल्या की ते प्लॅटिनम होतं. मग मोठी खोली मिळते, टेबलावर फळं येतात, नाश्ता मोफत होतो, आणि जायच्या दिवशी बाराऐवजी दुपारी चारला खोली सोडली तरी चालते. वीरेशला फळांचं कौतुक नव्हतं. त्याचा डोळा त्या चार वाजण्यावर होता.

अव्वाची धाकटी बहीण शिवलीला म्हैसूरला अंथरुणाला खिळलेली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, लिफ्ट नाही. अव्वाचे गुडघे दिवसातून एकदा ते जिने चढतील, पण तिथे राहायची सोय नाही. म्हणून फेब्रुवारीत तिला म्हैसूरला न्यायचं, हॉटेलात दोन रात्री ठेवायचं, शेवटच्या दिवशी सकाळी बहिणीला भेटवून आणायचं आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत खोलीत पाय लांब करून पडू द्यायचं, असं त्याने वर्षभर घोकलं होतं. अव्वा जन्मात हॉटेलात राहिलेली नव्हती. वीरेशचं कार्ड प्लॅटिनम होतंच, पण पुढच्या वर्षी ते टिकायचं तर या वर्षी साठ रात्री भरायला हव्यात. डिसेंबरच्या मध्याला अठ्ठावन्न झाल्या होत्या, आणि महिनाअखेरीला हुबळीत दोन रात्रींचं काम ठरलेलं होतं.

त्यातच मी माती कालवली.

माझी मैत्रीण नंदिनी आणि मी एका लग्नासाठी हुबळीला गेलो. वीरेशने तिथल्या त्याच कंपनीच्या हॉटेलला पाच तारे दिलेले, तेव्हा आम्ही तिथेच उतरलो. काउंटरवर मी कोल्हापूरच्या रीतीप्रमाणे सांगितलं, “वीरेश हत्तरकींनी पाठवलंय.” आपल्याकडे एवढ्यावर माणूस खुर्ची पुढे करतो. त्या मुलीने मान वर न करता विचारलं, “मेंबर आहात का?” नव्हतो. आम्हाला दोनशे चार नंबरची खोली मिळाली. लिफ्टला लागून, खिडकीखाली जनरेटर. बादली नाही. पाच वाजता नळाला बर्फ, सहाला बर्फ, आठला कोमट. नंदिनी थंड पाण्याने न्हायली आणि लग्नात शिंकत बसली.

परत आल्यावर मी वीरेशला वर बोलावलं.

“तुझे पाच तारे कुठे ठेवू?”

“काय झालं, मॅडम?”

सांगितलं. तो हसला. “तसं न्हाय हो. मी बारा खेपा उतरलोय तिथं. पाचला नुसती वाफ निघत्या.”

“कुठल्या मजल्यावर?”

“पाचव्या. दर येळी पाचवाच देत्यात.”

“कार्ड बघून?”

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, “मॅनेजरला फोन लावतो, तुम्हाला एक रात्र फुकट देईल.”

“मला ती खोली पैसे घेऊन नको, फुकट काय करू? तू त्या लेखाखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया वाचल्यास का?”

“वाचतो की.”

“मग मोठ्याने वाच.”

फोन काढून वाचू लागला. तिघांनी गरम पाण्याबद्दल लिहिलं होतं. तिघांनाही याचं एकच उत्तर: ‘मला असा अनुभव आला नाही.’ तिसरी प्रतिक्रिया गगनबावड्याच्या कुणा आकाराम पाटलांची होती. आईला दवाखान्यासाठी हुबळीला नेलं, तुमचं वाचून तिथे उतरलो, तिला गार पाण्याने आंघोळ घालावी लागली. त्याखाली वीरेशने उत्तराबरोबर एक हसरा चेहरा चिकटवला होता.

त्या चेहऱ्यावर त्याने अंगठा ठेवला. मग फोन पालथा ठेवला.

“आईला घेऊन गेल्ता हो तो,” म्हणाला.

मी चहा टाकला. ओरडायचं ते ओरडून झालं होतं, आणि तो खोटारडा नव्हता हे मला माहीत होतं. जे दिसलं ते त्याने लिहिलं. एवढंच की त्याला पाचवा मजलाच दाखवला जायचा.

एकोणतीस तारखेला तो हुबळीला गेला. पुढचं त्याच्याच तोंडून कळलेलं. त्याने काउंटरवर सांगितलं, कार्डाचा नंबर घालू नका, दोनशे चार द्या. मॅनेजर बाहेर आला. याला ओळखणारा, गोड माणूस.

“सर, ती खोली तुमच्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी हाय?”

मॅनेजरला वाटलं थट्टा चाललीय. मग त्याने समजावलं, नंबर घातला की संगणक ती खोली तुम्हाला देतच नाही, आणि नंबर घातला नाही तर या दोन रात्री तुमच्या हिशेबात धरल्या जाणार नाहीत. वीरेश म्हणाला, ठाऊक हाय. आणि दोनशे चारात राहिला. पहाटे पाचला तोंडात ब्रश धरून नळाखाली हात ठेवून उभा. कोमट पाणी आठला आलं, घड्याळ लावल्यासारखं. बादली मागितली, तर फरशी पुसायची आणून दिली. दोन्ही दिवस त्याने गार पाण्याने आंघोळ केली, पूजा केली, आणि जनरेटर ऐकत लिहून काढलं.

निघताना मॅनेजरने पुन्हा गाठलं. “सर, नंबर आत्ता घालतो, साठ होऊन जातील. तुम्ही फक्त ते दोनशे चारचं लिहू नका. बॉयलर उन्हाळ्यात बदलणारच आहोत.”

“मग घालावासा वाटला का नंबर?” तो परत आल्यावर मी विचारलं.

“हात खिशाकडं गेल्ता, मॅडम. खोटं कशाला सांगू? अव्वाच डोळ्यापुढं आली. मग तो गगनबावड्याचा आला.”

नंबर दिला नाही. जुने पाच तारे काढून टाकले, नवं लिहिलं, आणि वर पहिली ओळ घातली: ‘आजपर्यंत मी कार्डधारकांचं हॉटेल तुम्हाला सांगत होतो. ज्यांनी सांगून पाहिलं त्यांचं मी ऐकलं नाही.’ मी एक स्वल्पविराम सुद्धा हलवला नाही. आकाराम पाटलांना त्याने फोन केला. ते म्हणाले, “असू दे की पावणं, आई आता बरी हाय. पण पाणी लई गार होतं बघा.”

एकतीसला कार्ड एक पायरी खाली आलं. अव्वाला सांगायला तो दोन दिवस लावेल असं मला वाटलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. मी तिथेच होते. अव्वा लसूण सोलत होती.

“म्हंजे जायचं न्हाय?”

“जायचं. साधी खोली मिळंल. आणि बाराला सोडाय लागंल.”

“पाणी?”

“इचारून घेतो.”

“मग शिवलीलेला फोन लाव,” अव्वा म्हणाली, आणि पुढची पाकळी उचलली.

फेब्रुवारीत गेली मायलेकं. घरची निळी बादली घेऊन, तिच्यात मग, मगात दशम्यांची पुरचुंडी. खोली लिफ्टला लागून मिळाली. मी ज्यावरून रामायण केलं होतं ते अव्वाला फारच आवडलं. चार पावलांत दार. पाणी साडेचारला आलं. बहिणीच्या उशाशी ती दोन दिवस बसली, दोघी कन्नडात भांडल्या, रडल्या, वीरेशला त्यातलं निम्मंच ऐकू दिलं.

शेवटच्या दिवशी बाराला खोली सोडली. आणखी एक तास मागितला, मिळाला नाही. बारा ते साडेपाच अव्वा खालच्या दिवाणखान्यात बसून होती. वीरेश शेजारी, बादली दोघांच्या मध्ये. संध्याकाळी माझ्या फोनवर मजकूर आला.

‘पाणी साडेचारला, कडक. बादली मागितल्यावर दिली, स्वच्छ. आमची नेली होती ती उगाच. नाश्त्याला उप्पिट चांगलं. बारा म्हणजे बारा, वयाकडे बघत नाहीत. खालचा सोफा मऊ आहे, पण इतका खोल की गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठता येत नाही. एक सरळ पाठीची खुर्ची मागा. आम्हाला तीन तासांनी सुचलं.’

वाचलं, आणि तसंच परत पाठवलं.