पुढच्या ब्रेकला हात नको

आमचे हे मोटारसायकली दुरुस्त करतात. माणसांशी बोलायला कंजूष, पण गाडीचं सगळं ऐकून घेतील. कुणी ब्रेकची तक्रार घेऊन आला की लगेच पाना उचलत नाहीत. आधी गाडीवर बसतात, पुढच्या ब्रेकची लिव्हर दोन बोटांनी आवळतात आणि मान तिरकी करून गप्प राहतात. गिऱ्हाइकाला वाटतं, माणूस झोपला की काय. लग्नानंतर मलाही तसंच वाटायचं, कारण ही झोप त्यांना जेवतानाही लागायची.

लिव्हर मऊ लागली तर ब्रेक-ऑइलच्या पाइपात हवा शिरलेली. दाबून धरल्यावर हळूहळू आत सरकत गेली तर लिव्हरजवळचं रबरी सील गेलेलं. गॅरेजातलं सुट्या भागांचं कपाट मी सांभाळते, त्यामुळे ऐकून ऐकून मलाही हे पाठ झालंय.

ह्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी घरोघर पार्सलं पोचवते. तिला गाडी ह्यांनीच शिकवली, शाळेमागच्या मैदानात. गाडी बिघडली की ती इथेच यायची, येताना माझ्या डब्यातलं काहीतरी फस्त करून जायची. तिच्या मागच्या ब्रेकचे लायनर सारखे झिजायचे, पुढच्या ब्रेकचे पॅड मात्र नव्यासारखे. ह्यांना त्याचं कोण कौतुक. पोरगी किती जपून चालवते बघा, पुढचा ब्रेक लागतच नाही तिला, असं येईल त्याला ऐकवायचे.

ती पोरगी पडली. गल्लीतून एक टेम्पो अचानक पुढे आला, तिनं ब्रेक मारला, गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि डावा पाय खाली सापडला. गुडघ्याचा चुरा झाला. चालेल म्हणाले डॉक्टर, पण पूर्वीसारखी चालेल का, हे विचारलं की कागद चाळायला लागायचे.

आणि त्याच आठवड्यात ह्यांनी तिच्या पुढच्या ब्रेकचं ऑइल बदललं होतं. नणंदेनं दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांदेखत विचारलं, "दादा, ब्रेक तूच केला होतास ना?" त्या दिवसापासून बहीण भावाशी बोलेना. डबा मी नेला तर घ्यायची, ह्यांनी नेला की तिला भूक नसायची. मला राग यायचा. एवढी वर्षं भावाच्या हातावर भरवसा आणि आता एका दिवसात गुन्हेगार. पण खरं सांगायचं तर माझाही जीव टांगणीला लागला होता. खरंच ह्यांच्या हातून काही राहिलं असेल तर?

ह्यांनी गाडी गॅरेजात आणवली आणि सकाळीच शटर अर्धं ओढून घेतलं. लिव्हर आवळली, धरून ठेवली. मी बाजूला उभी राहून बघत होते. लिव्हर कडक होती, आत सरकली नाही. ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. पाइपावरून बोट फिरवलं, कुठे ओल नाही. पुढचं चाक उचलून फिरवलं, लिव्हर दाबली, चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता बहिणीला सांगून या.

हे उठलेच नाहीत. त्या थांबलेल्या चाकाकडे बघत बसले. मग मला जवळ बोलावून डिस्कवर बोट टेकवलं. जिच्यावर रोज पॅड घासतात ती चाकाची डिस्क चकचकीत असते. ही तांबूस गंजली होती. मग मागचा टायर दाखवला. एका जागी तो फरपटून सपाट झाला होता.

"तिनं पुढचा धरलाच नाही," हे म्हणाले. "नुसता मागचा दाबला. दोन्ही धरले असते तर गाडी अलीकडेच थांबली असती."

का नाही धरला, असं मी विचारलं आणि विचारतानाच मला मैदान आठवलं. मी कडेला पाण्याची बाटली घेऊन बसले होते आणि हे तिच्यामागे धावत ओरडत होते, पुढच्याला हात लावायचा नाही, तोंडावर आपटशील. शिकाऊ हात एकदम आवळतो, म्हणून तेव्हा ते बरोबर होतं. हात बसला की तो ब्रेक कसा धरायचा ते शिकवायचं, ते राहून गेलं. आणि गंजलेली डिस्क दिसूनही ह्यांनी कौतुकच केलं.

मी सरळ म्हटलं, हे कुणाला सांगू नका. ब्रेक चांगला होता एवढंच सांगा, त्यात खोटं काय आहे? ते हात धुवायला गेले.

दवाखान्यात मी त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. पोचल्या पोचल्या नणंदेला सांगून टाकलं की ब्रेकमध्ये काही दोष निघाला नाही. तिचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांनी तिनं स्टूल भावाकडे सरकवलं आणि बस म्हणाली. संपलं एकदाचं, असं मला वाटलं.

तेवढ्यात पोरगी उशीवरून म्हणाली, "मामा, मी पुढच्याला हात नाही लावला हं. गाडी घसरली तरी नाही लावला. बरोबर केलं ना?"

मी ह्यांची बाही मागून ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"नाही बाळा. मी तुला अर्धंच शिकवलं." मग त्यांनी सगळं सांगितलं, गंजलेल्या डिस्कसकट. नणंद ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती उठून खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ह्यांनी आपलं मनगट पोरीच्या उजव्या हातात दिलं. "आवळ. एकदम नाही, हळू. मग वाढवत न्यायचं."

"एवढं?"

"अजून."

तिची बोटं रुतली. "एवढं?"

"हां. आता थांबली असती," हे म्हणाले आणि सगळ्यांदेखत रडायला लागले. पोरीनं हात सोडला नाही. नणंदेनं वळून पाहिलं नाही.