पुढे केस, मागे टक्कल

कंगवा फिरवावा इतके केस आता माझ्या डोक्यावर उरलेले नाहीत. तरी आरशापुढे उभा राहिलो की सेनगाव तालुक्यातलं ते प्रकरण हमखास आठवतं. त्यातली माणसं आजही त्याच गावात राहतात, म्हणून नावं लिहीत नाही.

मी त्या भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत असताना गोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, गावात तोतया येऊन बसलाय. म्हातारीचा हरवलेला थोरला लेक मीच, म्हणून राहिला. धाकट्यानं काठी उचलली. लवकर या."

हा थोरला आमच्या दप्तरी बेपत्ता होता. काही वर्षांपूर्वी तो कामासाठी पुण्याला गेला. अधूनमधून घरी फोन करायचा. वडील वारले त्याच सुमारास त्याचा फोन बंद झाला तो कायमचा. धाकट्याने रीतसर मिसिंग दाखल केली होती. आता आलेला माणूस तोच असेल तर ओळख पटवून, जबाब घेऊन प्रकरण बंद करायचं. नसेल तर तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवायचा. दोघा भावांना आणि म्हातारीला ठाण्यात बोलावून घेतलं.

मिसिंगच्या कागदांतला फोटो काढला आणि मीही बुचकळ्यात पडलो. फोटोतल्या तरुणाचं कपाळ पार वर चढलेलं, पण टाळूवर दाट केस. समोर बसलेल्या माणसाच्या कपाळावर केसांचा चांगला जाड पट्टा, आणि त्यामागची टाळू मात्र साफ उघडी. म्हणजे सगळं उलटंच!

आमचे हवालदार कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, टक्कल कधी पुढून मागं सरकतं व्हय?"

मी टोपी नीट केली. माझं स्वतःचं तेव्हा पुढूनच सुरू झालं होतं, तेव्हा या विषयात मलाही थोडं कळत होतं. गेलेले केस आपणहून परत येत नाहीत.

"माझंच लेकरू हाय ते," म्हातारी सांगत होती. "दारात 'माय' म्हणला तवाच वळखलं म्या."

"तुला कोणीबी माय म्हणलं की लेक वाटतो," धाकटा म्हणाला. "साहेब, हा माझा भाऊ न्हाई. ह्याला बाहेर काढा."

त्याच्या बोलण्यात राग होता, पण त्याखाली भीतीही होती. ती कसली, ते मला तेव्हा कळलं नाही.

आलेल्या माणसाला वेगळ्या खोलीत घेतलं. बैलांची नावं, शेताची बांधबंदिस्ती, मामाचं गाव, सगळं बरोबर सांगितलं त्याने. पण एवढी माहिती कोणालाही काढता येते. शेवटी विचारलं, "बाप वारला तेव्हा कुठे होतास?"

खोटं बोलणाऱ्याकडे अशा प्रश्नाचं उत्तर तयार असतं, हा माझा नोकरीतला अनुभव. याने नुसती मान खाली घातली. तेव्हा मला डोक्याच्या मागच्या बाजूला, या कानापासून त्या कानापर्यंत गेलेली बारीक पांढरी रेघ दिसली.

"मार कुठे खाल्लास?"

"मार न्हाई साहेब. आपरेशन."

कसलं ते डॉक्टरांकडूनच कळावं म्हणून मी त्याला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात नेलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती रेघ पाहिली आणि ते हसले. "केस लावून घेतलेत याने. मागची कातडी काढून त्यातले केस पुढे लावतात. ते बहुधा वर्षानुवर्षं टिकतात. पण त्यांच्यामागचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. त्यासाठी औषध चालू ठेवायला सांगतात, ते याने सोडलं असणार. म्हणून पुढे झाडी आणि मागे माळरान."

कोडं सुटलं, पण ओळख पटलीच असं नव्हतं. डीएनए तपासणीचा मार्ग होता. तेवढ्यात तोच म्हणाला, "साहेब, माझ्या भावापुढं बसवा मला. सांगतो."

ठाण्यात परत येऊन दोघांना म्हातारीदेखत समोरासमोर बसवलं. तो भावाकडे न बघता बोलू लागला. "टकला म्हणून दोन सोयरिकी मोडल्या माझ्या. पुण्यात केस लावले. आधी लावलेलेबी गळाले, वाटलं फसलो. मग हळूहळू आले. चांगले आले. अन् तुझा फोन आला. म्या उचलला, पण बोललो न्हाई. तू म्हणला, अण्णा गेले. दहाव्याला थोरल्यालाच बसावं लागतंय, न्हाव्याला तुझ्यासाठी थांबवतो, ये."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो फोन उचलला गेला होता, हे त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं. आम्हाला दिलेल्या जबाबातही 'फोन लागला नाही' असंच होतं. त्या दोघांखेरीज ते तिसऱ्याला ठाऊकच नव्हतं.

"वस्तरा फिरवला तर लावलेले केस परत येतेत का न्हाई, काय माहीत?" थोरला म्हणाला. "डॉक्टरला विचारायची लाज वाटली. बाप मेला अन् हा केसाचं विचारून राहिला, म्हणले असते. दहावा टळला. मग तोंड कसं दाखवावं? वर्षं गेली."

धाकटा माझ्याकडे वळून म्हणाला, "तोतया निघाला असता तर बरं झालं असतं, साहेब. भाऊ कुठंतरी मेला म्हणून आला न्हाई, असं म्या मनाला समजावलं होतं."

म्हातारीने थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मला सांगायचं व्हतं रे. टोपी घालून बसवलं असतं तुला. न्हाव्याला म्या न्हाई म्हणले असते."

तो तिच्या पायाशी कोसळला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्या वेळी मला तिथे बसवेना.

प्रकरण बंद झालं. त्याने मला एक शिकवलं. भाऊ शोधून द्या म्हणणाऱ्यालाच तो सापडू नये असंही वाटत असू शकतं. तो माणूस आपला भाऊ आहे हे धाकट्याला पहिल्याच दिवशी कळलं असावं, असं मला आता वाटतं. ते खरं ठरू नये म्हणूनच त्याने काठी उचलली होती.

पुढे बापाच्या श्राद्धानंतर जवळा बाजारच्या आठवडी बाजारात दोघे भाऊ दिसले. सोयाबीन घेऊन आले होते. थोरल्याचं डोकं भादरलेलं होतं आणि पुढे, नेमक्या त्याच पट्ट्यात, बारीक काळे खुंट वर आले होते. मी त्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कपाळावरून हात फिरवला.

"येतेत साहेब परत," तो म्हणाला, आणि भर बाजारात त्याला रडू आवरेना. धाकट्याने त्याच्या खांद्यावरचं पोतं काढून आपल्या खांद्यावर घेतलं.