टोप्यांच्या काउंटरवरची वेल्मा

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणीच्या गावात वेल्मा पेंगेलीला न ओळखणारा माणूस एक तर पर्यटक, नाहीतर तान्हं मूल. उभी हयात तिनं मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात टोप्यांच्या काउंटरवर काढली. कुठल्या बाईला चर्चला जाताना कुठली टोपी शोभेल, हे ती बाई आरशात बघायच्या आधी वेल्मा सांगून टाकायची. तोंड फटकळ, हात मात्र नाजूक.

या गावात एक रीत होती. लग्न झालं की बाईनं नोकरी सोडायची. एका घरात दोन पगार गेले तर दुसऱ्या घरची चूल विझते, असं खाणकामगारांची युनियन म्हणायची, आणि युनियन म्हणेल ती इथं पूर्व दिशा. आता त्या सगळ्याला वारसा म्हणतात. संप, बिल्ले, पत्र्याची घरं, सगळ्याचा वारसा झालाय. त्या रितीपायी ज्यांच्या आयुष्याचं वाटोळं झालं, त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.

वेल्माच्या बापाची फुप्फुसं खाणीच्या धुळीनं खाल्ली होती आणि आई अंथरुणाला खिळलेली. घर वेल्माच्या पगारावर चालायचं. तिचा रॉय हॉकिंग खाणीत ड्रिल चालवायचा. त्यानं अंगठी घातली आणि वर्षांमागून वर्षं नुसता वाट बघत राहिला.

"तू लग्न माझ्याशी करणारेस का त्या टोप्यांशी?" तो चिडवायचा.

"टोप्या निदान बिअर ढोसून घोरत तरी नाहीत!"

आईबाप दोघंही गेल्यावर ईस्टरनंतरची तारीख ठरली. वेल्मानं पांढरा झगा स्वतः शिवला. तारीख जेमतेम तीन आठवड्यांवर आली असताना खाणीत वरचा दगड कोसळला आणि रॉय गेला.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर रॉयची बहीण बसली. वेल्मा मागे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत. दफन झाल्यावर युनियनचा एक पुढारी टोपी हातात घेऊन तिच्याजवळ आला. माणूस वाईट नव्हता, याचाच जास्त संताप येतो.

"पोरी, उरकून टाकायचं होतंस गं लग्न," तो कळवळून म्हणाला. "आज विधवा म्हणून पेन्शन मिळालं असतं. आणि विधवेच्या नोकरीला आपली काही हरकत नसते."

वेल्मानं घरी जाऊन झगा घडी घालून ठेवला. सोमवारी ती कामावर गेली. पुढे एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास ती रीत मोडली. लग्न झालेल्या पोरी दिमाखात काउंटरमागे उभ्या राहू लागल्या आणि वेल्मानंच त्यांना काम शिकवलं. दुसऱ्या कुणाशी लग्न करावं असं तिला कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्याच दुकानाचं संग्रहालय झालं. वारसा समितीचा डग नँकिव्हेल घरी येऊन झगा मागून घेऊन गेला. वेल्मा मनातून सुखावली. उशिरा का होईना, रॉयच्या नावाशेजारी आपलं नाव लागेल, आपलं काय झालं ते गावाला कळेल, एवढीच तिची आस होती. उद्घाटनाला ती नवा कोट घालून गेली. काचेच्या कपाटात झगा होता आणि खाली पाटी होती, 'रॉय हॉकिंग यांच्या पत्नीचा विवाहपोशाख'.

"डग, मी त्याची बायको कधी झाले रे?"

"अहो वेल्मा, कोण विचारतंय? लोकांना वाचायला गोड वाटतं."

"मला नाही वाटत. वेल्मा पेंगेलीचा झगा, असं लिही. लग्न झालं नाही म्हणून लिही. का झालं नाही, तेही लिही."

डगनं कान खाजवला. "मग पंचाईत आहे. हे कपाट खाणकामगारांच्या नवऱ्या मुलींचं आहे. तुमचं त्यात... बसत नाही हो."

पुढच्या आठवड्यात झगा खोक्यात घालून परत आला. वर आभाराचं कार्ड. शेजारची बेरिल डोकावली. "काय गं, परत का पाठवला?"

वेल्मानं खोकं पलंगाखाली सरकवलं.

"तेव्हा लग्न झालेली बाई दुकानात चालत नव्हती, बेरिल. आता बिनलग्नाची कपाटात चालत नाही."