सातव्या महिन्यातला गणवेश

माझा धाकटा भाऊ उसाच्या फडात जन्मला. आमचं गाव पाटोद्याच्या वरच्या अंगाला. सलग दोन वर्षं पाऊस नव्हता, विहिरीचा तळ उघडा पडला होता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळून गेली. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धं गाव खाली माजलगावकडं उतरायचं. त्या साली आईला दिवस गेले होते. उसाच्या पाचटानं हात कापतात म्हणून तोडीवरच्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. आईनंही चढवला. पोट वाढलं तशी खालची बटणं सोडत गेली. नववा लागला तरी ती डोक्यावर मोळ्या वाहत होती. मी सहा वर्षांची होते. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती कळा देत होती तेव्हा मी बाहेर चुलीपुढं बसून होते, आणि मालकाचा माणूस येऊन वडलांना विचारत होता की आजची गाडी कोण भरणार.

हे डोक्यात ठेवूनच मी शिकले. वसतिगृहात राहिले, बी.ए. झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

पुढं ज्या सहकारी कारखान्याला आईबापानं ऊस घातला, त्याच्याच शेतकी कचेरीत मी रोजंदारी कारकून म्हणून लागले. आमचे साहेब बागायतदार घराण्यातले. त्यांच्या भावकीच्या शेतात माझ्या आईनं ऊस तोडला होता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. साहेबांचं शिक्षण बारावीला थांबलेलं. पत्र लिहायची वेळ आली की हाक मारायचे, मी मजकूर लिहायची, ते शेवटच्या ओळीखाली सही ठोकायचे. वाचायचे नाहीत. चार वर्षं असंच चाललं होतं.

मला दिवस गेले ते साल पुन्हा दुष्काळाचं निघालं. धरण आटलं, ऊस कमी, हंगाम दोन महिन्यांत आटपणार अशी बोलवा. आम्हा रोजंदारीवाल्यांतून दोघांनाच कायम करणार असं ठरलं. एका जागेवर माझा हक्क होता, कारण सगळ्यांत जुनी मी. साहेबांना तिथं त्यांचा मेव्हणा बसवायचा होता. नवरा विनाअनुदानित शाळेवर, म्हणजे बिनपगारी. कायम झाले नाही तर बाळंतपणाला रजा नव्हती, सरळ घरी बसणं होतं.

कचेरीला गणवेश होता. गुलाबी साडी आणि त्याच रंगाचा ब्लाउज, वर्षाला एकदा एकच कापड. साडीचं काही अडत नाही. साडी बाईच्या पोटाबरोबर वाढते. निऱ्या दोन कमी घातल्या, परकराची नाडी पोटाखाली बांधली की झालं. अडतो तो ब्लाउज. चौथ्या महिन्यात मी हूक सरकवून लावले. पाचव्यात बाजूच्या शिवणी उसवून आतलं सोडलेलं कापड बाहेर काढलं, ते उन्हात न विटलेलं, गडद गुलाबी, दोन्ही कुशींना पट्टे दिसायला लागले. सहाव्यात सेफ्टी पिना. वाढीव कापडासाठी मी दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्ही वेळा साहेबांनी बोटानं बाजूला सारला. माजलगावच्या बाजारात तयार गाऊन मिळत होते. आई म्हणाली, "घिऊ नगं. पोट चार म्हयन्याचं, कापड चार वर्साचं. आन् झाकतीस कावून? चोरून आनलंय व्हय?"

तिनं तिचाच एक तोडीचा शर्ट दिला. मळका नव्हता, विटका होता. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, रोज कपडे धुणं कुणालाच परवडत नव्हतं, आणि शर्टाला तिसऱ्या दिवशी धुतलं तरी चालायचं. सातवा लागला त्या सोमवारी मी गुलाबी साडीवर तो शर्ट घालून कचेरीत गेले.

साहेबांनी टेबलावरूनच पाहिलं. कचेरीत सात-आठ माणसं होती, दोन शेतकरी नोंदीला आलेले.

"काय बाई, कोयता भायेर ठिवला का?"

सगळे हसले. शेतकरीही हसले. मी हजेरीच्या मस्टरकडं हात नेला तर साहेबांनी मस्टर ओढून घेतलं आणि म्हणाले की ही कचेरी आहे, फड नाही. गणवेश नसेल तर सही नाही, सही नसेल तर खाडा, आणि पंधरा खाड्यांवर नाव कमी. मेव्हणा तिथंच बाकावर बसलेला होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यावरचं हसू मी आजही विसरले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

मी रडले नाही. म्हणाले, "साहेब, लेखी द्या."

"देतो की. लिहा तुमीच. तुमालाच येतंय ना लई चांगलं."

परत हसले सगळे. मी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. इतकं सावकाश, इतकं वळणदार मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं. एक शब्द खोटा लिहिला नाही. सदर कर्मचारी सात महिन्यांच्या गरोदर असून मूळ मापाचा ब्लाउज त्यांना होत नाही. वाढीव कापडाची मागणी त्यांनी दोन वेळा लेखी केली, ती आम्ही नाकारली. सबब गणवेश नसल्याच्या कारणावरून त्यांना हजेरीवर सही करू देऊ नये व पंधरा दिवसांनंतर नाव कमी करावे. खाली प्रत: माननीय अध्यक्ष, माननीय कार्यकारी संचालक, संचालक मंडळाच्या बैठकीपुढे ठेवण्यासाठी.

साहेबांनी चहाचा घोट घेत सही केली. नेहमीसारखी, शेवटच्या ओळीखाली. मी जावक क्रमांक टाकला, शिक्का मारला, दोन प्रती शिपाईमामांच्या हातात दिल्या आणि शर्टाच्या बाह्या नीट करून घरी गेले.

संचालक मंडळाची बैठक गुरुवारी होती. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली. आत काय झालं ते शिपाईमामांनी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. अध्यक्षांनी कागद मोठ्यानं वाचायला लावला. एका संचालकानं विचारलं की गरोदर बाईला कापड नाकारलं असं आपल्या माणसानं स्वतःच सही करून लिहून दिलंय, विरोधकांच्या हाती हे पडलं तर गावोगाव काय तोंड दाखवायचं. साहेब म्हणाले, मी वाचलं नव्हतं. मामा सांगताना थांबले, पाणी प्यायले, मग म्हणाले, "बाई, त्यावर अध्यक्ष बोलले, मंग चार वर्सं तुमी न वाचताच सह्या करताव का? सायबांची मान खालीच."

मी मामांना दुसरा चहा दिला आणि ते परत सांगायला लावलं. मानेपासून.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हुकमानं मी मस्टरवर सही करून कामाला बसले, तेव्हा साहेब माझ्या टेबलाशी आले, हातात स्टोअरमधून आणलेले गुलाबी कापडाचे दोन तुकडे. उभेच होते. मी बसायला सांगितलं नाही.

"बाई, हे घ्या. जाऊ द्या आता."

"कापड राहू द्या साहेब. मला होतंय ते मी घालते. कायम करायच्यांची यादी पाठवायची आहे ना आज? मी लिहू का तुम्ही लिहिताय?"

त्यांनी लिहिली. त्यांचं अक्षर लहान मुलासारखं होतं, माझं आडनाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा बरोबर आलं. मी शेजारी उभी राहून पाहत होते. मनात दया आली नाही. यायला हवी होती असं काही जण म्हणतात. त्यांच्या आईला कुणी बाळंतपणाच्या कळांत गाडी भरायला बोलावलं नव्हतं.

नवव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मंडळाचा ठराव आला. मी कायम झाले. मेव्हणा झाला नाही. मला तीन महिन्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि माझी मुलगी माजलगावच्या दवाखान्यात, खाटेवर, डॉक्टरच्या हातात जन्मली.