डेटा जाईल म्हणाला, मी म्हटलं जाऊ दे

नाय. वर सरकवलं, नाय. खाली सरकवलं, नाय. फोन हातात घेतला न् आत बघते तर कायच नाय, घासून पालथं घातलेल्या ताटासारखा कोरा. मी म्हटलं, दादा, आमचे हे कुठायत? मोबाईलवाला म्हणाला, कोण हे? मी म्हटलं, आमचे हे ओ, ह्याच्यात होते, रोजचा आवाज होता, पोरीच्या बारशाचा होता. तो म्हणाला, "ताई, ते गेलं. फ्लॅश मारला की सगळं जातंच. पण बघा ना, चिनी गेली, आता सगळं मराठीत आलं." असं हसून म्हणाला, जसं काय मला साडीच दिली. पोर कडेवर, चप्पल दुकानातच राहिली, न् मी पोलादपुरातनं भर बाजारातनं अनवाणी पळत सुटले ते थेट पोलीस ठाण्यात.

हे मी बोलतेय न् सायेब लिहितायत. त्या टायमाला ते आमच्या ठाण्याचे मोठे सायेब होते, आता नुकतेच रिटायर झालेत, जुन्या पोलीस केशींच्या आठवणी लिहितात. खाली कापडे गावात कुणाकडं आले होते तर आमच्या वाडीवर चढून आले. म्हणाले, "बाय, माझ्या सगळ्या नोकरीतली ती एक दुपार मी विसरायचो नाय. पण ती मी लिहिली तर माझी होईल. तू सांग, मी उतरवतो. नाव कुणाचं घालायचं नाय." मी सातवी शिकले, मला कुठं असलं मोठं लिहायला येतंय. म्हणून जसं बोलतेय तसं.

आमचे हे जहाजावर हायत. मालाचं जहाज, मोठं. लग्न झालं न् पोर पोटात राहिली न् हे गेले. चीनच्या बंदरात जहाज लागलं तिथं ह्यांनी माझ्यासाठी फोन घेतला, न् जहाजावरचाच तुडील गावचा एक भाऊ सुट्टीवर येत होता त्याच्याकडं धाडला. फोन कसला, आरसा. पण सगळं चिनी. तुडीलच्या भावानं व्हॉट्सॲप कसंतरी आत घातलं न् मला दाखवलं, वहिनी, हे हिरवं दाबायचं, बाकी कशाला हात लावू नका. प्ले स्टोअर नाय, गूगल नाय. मी आपली हिरवं दाबायची.

पोर झाली तेव्हा हे पाण्यावरच. बारशाला आत्येनं कानात कुर्र केलं, मग सासूबाय म्हणाल्या, आता बापाला बोलूदे. तो फोन आम्ही पाळण्यात पोरीच्या कानाशी धरला न् ह्यांनी पाठवलेला आवाज लावला. हे नाव म्हणाले तिचं. मग पुढं कायतरी बोलायचं होतं पण नुसता श्वास ऐकू येतो, न् पाठीमागं इंजिनाची घरघर, न् मग म्हणतात, "मी हाय गो इथं." एवढंच. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या.

तेव्हापासनं रोज एक यायचा. आज काय खाल्लं, समुद्र कसा हाय, पोरीनं मान धरली काय. पोर तो ऐकल्याबिगर झोपायची नाय. मी पण नाय.

पण त्या फोनला एक खोड होती. काच काळी झाली की आतलं सगळं झोपायचं. ह्यांचा फोन आला तरी वाजायचा नाय, उघडल्यावर कळायचं की येऊन गेला. हे म्हणायचे, अगो उचलत का नायस, रागावलीस काय? मग मी काय करायची, वाडीवर रेंज फक्त देवळाच्या मागं, तिथं जाऊन बसायची न् बोट फिरवत राहायची काचेवर, झोपू नको रे बाबा, झोपू नको. पोर मांडीवर झोपवायची न् फोन जागा ठेवायची. सासूबाय म्हणायच्या, दोन पोरं झालीत हिला.

न् मग एकदम आवाज यायचे बंद झाले. एक दिवस नाय, दुसऱ्या दिवशी नाय, मग नायच. मी बोलून पाठवायची ते जायचं पण तिकडं पोचायचं नाय, एकच टिक यायची, दुसरी नाय. मला वाटलं, हे लावत असतील, फोन झोपलेला असेल, चिडले असतील. नायतर... ते मी बोलत नाय. म्हणून मी मिनीडोर रिक्षामधनं पोलादपूरला उतरले न् मोबाईलवाल्याला म्हटलं, दादा, ह्याला फक्त वाजता करून द्या.

तर मी ठाण्यात पोचले. दारात हवालदार बसलेले. काय झालं गो?

"आमचे हे गेले!"

"कुठं गेले?"

"त्यानं मारला न् गेले!"

"कुणी मारलं?"

"मोबाईलवाल्यानं! स्टँडजवळच्या!"

हवालदार खुर्चीवरनं उठलेच. "कशानं मारलं?"

"फ्लॅश!" मी रडतेय, पोर रडतेय. आतनं पोलीसबाय आल्या, म्हणाल्या, "फरशी म्हणतेय वाटतं. फरशी घातली डोक्यात." हवालदार म्हणाले, "नवऱ्याचं नाव सांग." मी गप. आमच्यात घेत नायत नाव. "अगो, नाव सांग, डायरीत काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, आमचे हे. पोलीसबाय कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माणूस गेला तरी नाव घेवंना ही!"

सायेब तेव्हा कशेडी घाटात, ट्रक आडवा झाला होता तिथं. त्यांना फोन गेला, खून झालाय म्हणून. दोन पोलीस धावत जाऊन मोबाईलवाल्याला धरून घेऊन आले, त्याच्या कानाला अजून हेडफोन लोंबत होता. बाजार मागनं चालत आला.

सायेब आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. सरळ माझ्यासमोर खाली बसले, खुर्चीवर नाय, उकिडवे, न् हळू विचारलं, "बाय, बॉडी कुठाय?"

मी फोन पुढं केला. म्हटलं, "बॉडी बरी हाय सायेब. आतलं गेलं."

सायेब त्या फोनकडं बघत राहिले. हवालदारांकडं बघितलं. हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. बाहेर कुणीतरी फिसकन हसलं, तर सायेब ओरडले, दार लावा ते. मग पोलीसबायना म्हणाले, हिला पाणी द्या, पोरीला बिस्कीट द्या. मला वाटलं आता हाकलणार. पण सायेब म्हणाले, "आता सगळं सांग. तुझा माणूस जिवंत हाय ना?"

मी म्हटलं, "तेच तर कळायला पायजे, सायेब."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं न् मोबाईलवाल्याला आत घेतलं. दोघांना एकत्र विचारायचं नसतं म्हणे, एकाचं ऐकून दुसरा आपलं बदलतो. दार पातळ होतं, मला ऐकू येत होतं. मोबाईलवाला रडकुंडीला आलेला. "साहेब, आईशप्पथ, विचारून केलं. चायनाचा पीस होता, त्यात गूगलच नसतं, रिंग येणार कशी? त्यावर बाहेरच्या देशातलं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. मी विचारलं, सांगितलं पण, काय जाणार ते. ताई हो म्हणाल्या. साहेब, माझं दुकान बंद पडेल, बाजारात मला खुनी म्हणतायत."

मग सायेब बाहेर आले, माझ्या शेजारी बाकावर बसले. ते काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "हे बघ बाय. एक गोष्ट बरी हाय. जो पाठवतो त्याच्या फोनात पण ते राहतं. म्हंजे तुझ्या नवऱ्याकडं ते सगळे आवाज असणार. आता ह्या माणसानं तुला न विचारता पुसलं असेल, तर मी गुन्हा दाखल करतो. मग पुरावा म्हणून जहाजाच्या कंपनीला पत्र जाईल, ते जहाजावर निरोप देतील, तुझा माणूस सुखरूप हाय का तेही कळेल, आवाजही मागवता येतील. पण त्यानं विचारलं असेल न् तू हो म्हटलं असशील, तर गुन्हाच होत नाय. मग माझ्या हातात कागद नाय. आता खरं सांग. विचारलं होतं का?"

पोर माझ्या मांडीवर बिस्कीट चोखत होती. आतनं मोबाईलवाल्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं. नुसतं एक 'नाय' म्हणायचं होतं. नाय म्हंजे माझ्या तोंडात कायम असलेला शब्द. एवढा एक म्हटला की कंपनी, जहाज, हे, सगळं हलणार होतं.

मी म्हटलं, "विचारलं होतं, सायेब."

"काय विचारलं होतं? जसंच्या तसं."

"म्हणाला, फ्लॅश मारू का ताई. मी म्हटलं, मारा की."

"फ्लॅश म्हंजे काय गो?"

"लाईट. फोटो काढताना पडते ती. मला वाटलं मागची लाईट लागते का बघतोय."

"आणि काय जाणार ते सांगितलं का?"

"सांगितलं ना. म्हणाला, डेटा जाईल हां सगळा. मी म्हटलं, जाऊ दे."

सायेबांनी विचारलं, "डेटा म्हंजे काय?"

मी म्हटलं, असं काय विचारता सायेब, डेटा म्हंजे नेटचा पॅक, रोजचा मिळतो तो. संपला तर उद्या परत येतो. जाऊ दे म्हटलं, त्यात काय.

सायेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मोबाईलवाल्याला बाहेर बोलावलं न् त्याला म्हणाले, "ऐकलंस?" तो माझ्याकडं बघत होता, त्याचं तोंड उघडंच. म्हणाला, "ताई... मी म्हणजे... डेटा म्हणजे आतलं सगळं ओ." मी म्हटलं, मग आतलं सगळं म्हणायचं ना दादा. आतलं म्हटलं असतंत तर मी दिला असता काय?

सायेब म्हणतात, इथं माझंपण एक वाक्य घाल. ते असं, की आयुष्यभर जबाब घेताना त्यांनी एवढंच शोधलं की दोघांतला खोटं कोण बोलतोय. दोघंही खरं बोलतात न् तरी एकाचं घर बुडतं, हे त्यांना त्या बाकावर कळलं. नंतर नोकरीचे जे थोडे महिने राहिले होते त्यात ते प्रत्येकाला विचारायचे, तू म्हणतोस त्या शब्दाचा अर्थ काय. घातलं सायेब.

गुन्हा नाय झाला. हवालदारांनी डायरीत काय लिहिलं ते मला माहीत नाय. मोबाईलवाला दुकानातनं माझी चप्पल घेऊन आला, खाली ठेवली, न् तिथंच ठाण्यात त्यानं माझ्या सिमवर व्हॉट्सॲप परत चालू करून दिलं. मग काच काळी केली न् आपल्या फोनवरनं मला फोन लावला. वाजला. एवढा मोठ्यानं वाजला की पोर दचकली. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा झोपेतनं उठला.

सायेब म्हणाले, मी कागदाबिगर पण बघतो कुणाला विचारता येतं का. मी वाडीवर आले. बरेच दिवस गेले, निरोप काय आला नाय. आता बोट फिरवत बसायला नको होतं, पण सवय जाईना. रात झाली की पोर फोनकडं हात करायची. मी हिरवं उघडायची, तिथं वरती मीच परत नंबर घालून लिहिलेलं 'आमचे हे', न् खाली कोरं. मीच ह्यांच्यासारखा आवाज काढून म्हणायची, मी हाय गो इथं. पोर माझ्याकडं बघायची, जशी काय मी खोटी नोट दिली. दिवसा मी स्वतःला सांगायची, ह्यांच्याकडं हायत. पाठवणाऱ्याकडं राहतात, सायेब म्हणालेत. एकदा लागू दे फोन, सगळे परत मागवेन, बारशाचा सगळ्यात आधी.

न् एक दिवस देवळाच्या मागं शेण्या थापत होते न् फोन वाजला. नंबर कुठला तरी बाहेरचा, लांबलचक. पोलीसबायनी सांगितलेलं, असला नंबर उचलायचा नाय, लुबाडतात. शेणाच्या हातानंच उचलला.

"अगो... हाय काय?"

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"अगो ऐकतेस ना? मी बोलतोय. किती दिवस लावतोय जहाजावरच्या एका पोराच्या फोनवरनं, आज पहिल्यांदा वाजला! बरी हायस ना? पोर?"

मी म्हटलं, बरी हाय, पोर उभी राहते धरून. मग म्हटलं, तुम्ही कुठं गेलतात ओ? ते हसले. म्हणाले, "मी कुठं जातोय? माझा फोन गेला. डेकवरनं निसटला तो थेट समुद्रात. सगळं गेलं बघ त्याच्यात, तुझे फोटो, पोरीचे, सगळं. एक गोष्ट बरी झाली. माझं बोललेलं तुझ्याकडं तरी हाय. बारशाचं हाय ना गो? ते मला परत बोलायला जमायचं नाय, तेव्हा बोललो ते बोललो. पोरीला लावतेस ना रोज? मी शिमग्याला येतोय, तेव्हा तिघं बसून ऐकू."

पाठीमागं तीच इंजिनाची घरघर. रेंज जायला लागली. "अगो, हाय ना तुझ्याकडं?"

परवा शिमग्याची पालखी घरी येणार, त्याच्या आधी हे येतील. सासूबायनी ओटीचा नारळ आणून ठेवलाय. फोन चार्ज करून देवाजवळ ठेवलाय, सगळं चालतं त्याच्यात आता.

तेव्हा फोनवर मी ह्यांना काय म्हटलं ते सायेब विचारतायत, पेन धरून बसलेत. ते मी नाय सांगत. पोर मांडीवर होती, हे समुद्रात होते, रेंज जात होती, न् एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा ते हसले होते.

तुम्ही असतात तर तुम्ही काय म्हटलं असतं ओ?