कॉन्स्टान्त्साला गेलेले बोल्ट

त्या वर्षी मला दाराच्या बेलची भीती वाटायची. बेल वाजली की मी जागचा हलत नसे, आणि बायको वैतागायची, "अहो, ग्रोसरीवाला असेल, उघडा की!" पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं होतं. फोनची भीती, कुरियरची भीती, ऑफिससमोर थांबलेल्या कुठल्याही पांढऱ्या गाडीची भीती.

आम्ही दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला राहत होतो. तिथे भाडं परवडायचं, आणि हमरिया फ्री झोनमधला, मी नोकरीला होतो तो कारखाना जवळ होता. कारखाना लहानच होता, नट-बोल्टचा. माझ्याकडे कागदपत्रांचं काम होतं. माल परदेशी निघाला की त्याच्याबरोबर एक दाखला जातो, हा माल कुठल्या देशात तयार झाला हे सांगणारा. त्यावर कंपनीतर्फे सही माझी, आणि शिक्काही माझ्याच ताब्यात. त्या शिक्क्यामुळे आपल्याला ऑफिसात मान आहे, असं मला वाटायचं. मूर्खच होतो.

२००८ च्या शेवटी दुबईतली बांधकामं थांबली आणि आमची इथली गिऱ्हाइकं बघता बघता आटली. अर्धे कामगार गावी परतले. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि बायको-मुलीचा माझ्या व्हिसाला. नोकरी गेली की तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. मुलगी तेव्हा दहावीत जाणार होती. अर्ध्या वर्षातून उठवून तिला पुण्यात कुठल्या शाळेत, कुठल्या बोर्डात बसवणार होतो? मार्चमधला तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत नोकरी टिकू दे, एवढंच मी देवाकडे मागत होतो. इतकं छोटं मागणं मी आयुष्यात कधी इतक्या घाबरून मागितलं नव्हतं.

एकच गिऱ्हाईक टिकून होतं, रोमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरातला एक व्यापारी. साठीचा, घोगऱ्या आवाजाचा. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट, त्यामुळे आमचं छान जमायचं. त्याचा देश युरोपियन युनियनमध्ये गेला त्या जानेवारीत त्याने मुद्दाम फोन केला होता. "आता आम्ही युरोप!" असं तो तीनदा म्हणाला. रस्ते होतील, पूल होतील, सगळ्यांना बोल्ट लागतील, असं त्याचं गणित होतं. दोन वर्षं ते बरोबरही ठरलं. मग मंदी आली, पश्चिमेकडच्या बँकांनी हात आखडता घेतला, आणि वर युनियनने चिनी बोल्टवर जबर कर लावला. पूर्वी त्याच्या बंदरात त्याच्या सरकारचा कायदा चालायचा, आता ब्रुसेल्सचा. मोठ्या घरात सून म्हणून गेल्यावर स्वयंपाक तिने करायचा आणि कोठीच्या किल्ल्या मात्र सासूकडे, तशातली गत. चिनी माल आता त्याला झेपत नव्हता. म्हणून तो आमच्याकडे जास्त मागायला लागला.

आणि आमच्याकडे तेवढा माल नव्हता. दोन मशिनं होती, त्यातलं एक आजारी.

मॅनेजर ठाण्याचा, आपलाच माणूस. त्याने चिनी बोल्ट पोत्यांतून आणले, आमच्या खोक्यांत भरले आणि खोक्यांवर 'मेड इन यूएई' छापलं. माझ्यापुढे कागद ठेवून म्हणाला, "अहो राव, फक्त एक सही. सगळेच करतायत इथे. कंपनी चालली तर आपण चालू." मी सही केली. व्यापाऱ्याने फोनवर विचारलं, "हे बोल्ट तुमच्या फॅक्टरीतले ना?" मी म्हटलं, "येस सर, अवर फॅक्टरी." जीभ अडखळलीसुद्धा नाही. भीती मागाहून आली, आणि आली ती ठाण मांडून बसली. बायकोला मी काहीच सांगितलं नाही. वजन मात्र उतरलं, आणि ती बिचारी मला मेथीचे लाडू करून घालायची.

मग आली खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं पुजतात. माझ्या आजोबांची करवत होती, वडिलांची मोजपट्ट्यांची पेटी. माझं हत्यार म्हणजे ऑफिसचा शिक्का. दर वर्षी मी तो घरी आणायचो आणि देवापुढे मुलीच्या कंपासपेटीशेजारी, विळी-कात्रीशेजारी ठेवायचो. बर दुबईला देवळाच्या गल्लीत जाऊन झेंडू आणायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशीची दसऱ्याची पूजा होईस्तोवर कुणी त्या वस्तूंना हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात मॅनेजर, हातात कोरा दाखला. कंटेनर भरून, सील होऊन पोर्टवर उभा होता आणि सकाळी आठला दाखला काउंटरवर हवा होता. "शिक्का कुठाय? ड्रॉवरमध्ये नाही!"

बायकोने त्याला पाणी दिलं आणि हसून म्हणाली, "भाऊजी, शिक्का आज पूजेत आहे. उद्या मिळेल."

तो देवापुढे जाऊन उभा राहिला. चपला दाराशी काढल्या होत्या त्याने. शिक्क्यावर कुंकू होतं, झेंडूची पाकळी होती. त्याच्या आईच्या घरीही हेच चालत असणार, कारण हात पुढे करून त्याने मागे घेतला. "वहिनी, बरोबर आहे तुमचं," असं म्हणून तो निघाला.

मला सुटल्यासारखं वाटलं. एक रात्र तरी मिळाली होती. त्या रात्रीत मी बायकोला सगळं सांगितलं असतं, सकाळी नाही म्हणालो असतो. निदान आज तरी असं वाटतं.

त्याला सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. दाखला माझ्या हातात देऊन तो उतरू लागला आणि वळून न बघता म्हणाला, "तुमचे व्हिसा रिन्युअलचे पेपर माझ्या टेबलवर आहेत. डॉटरचं टेन्थ ना यंदा?"

मी घरात गेलो आणि शिक्का उचलला. बायको म्हणाली, "अहो, हे काय?" मी खेकसलो, "तुला काय कळतंय त्यातलं!" जेवणाच्या टेबलावर कागद ठेवून सही केली आणि शिक्का मारला. घाईत तो नीट पुसलाही नाही. दसऱ्याला बायकोने पूजा केली, पण शिक्क्याची जागा तशीच रिकामी ठेवली.

डिसेंबरात युरोपातून दोन अधिकारी चौकशीला आले, एक बाई आणि एक तरुण गृहस्थ. दोन्ही मशिनं सकाळपासून धडधडत होती, आजारी मशीनसुद्धा. मॅनेजर हसून हसून दमला होता. बाईंनी बरोबर आणलेली फाईल चाळता चाळता एक दाखला उजेडात धरला आणि मला विचारलं, हा लाल डाग कसला?

घाबरलो की मी बडबडतो. मी त्यांना सगळी खंडेनवमी सांगितली. सैनिक तलवार पुजतो, सुतार करवत, मी शिक्का. घरी, देवापुढे. बाईंनी अगदी मन लावून ऐकलं. "फार सुंदर चाल आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा शिक्का तुम्ही घरी मारलात. त्या वेळी माल कुठे होता?"

"पोर्टवर. सील केलेल्या कंटेनरमध्ये."

"मग तो कुठे तयार झाला, हे तपासून तुम्ही सही कधी केलीत?"

मॅनेजरने डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी गोदाम उघडायला लावलं, आणि मागच्या कोपऱ्यात चिनी अक्षरांची रिकामी पोती निघाली.

"अरे, 'इंक' म्हणायचं, खलास! पूजा कशाला सांगत बसलात?" मॅनेजर नंतर ओरडला. पण त्याने मला काढलं नाही. काढलं असतं तर मी बाहेर बोललो असतो, ही भीती आता त्याला होती. माझा व्हिसा रिन्यू झाला. इथे आमच्यावर काहीच कारवाई झाली नाही. युरोपच्या कायद्यात चुकवलेला कर माल मागवणाऱ्याकडून वसूल होतो, हे मी तेव्हा शिकलो.

मार्चमध्ये, मुलीची परीक्षा चालू असताना, व्यापाऱ्याचा फोन आला. आतल्या खोलीत ती सायन्सची उजळणी करत होती. तो म्हणाला, गोदाम विकलं, धंदा बंद केला. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो.

"मी चिडलेलो नाही," तो म्हणाला. "एकच सांग. तुला माहीत होतं?"

दोन पेपर राहिले होते. दोनच. मी म्हणालो, "नो सर. आय डिडन्ट नो."

त्याने मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच. मी इथल्या कस्टम्सला जबाबात लिहून दिलंय, की तिथला तो कागदपत्रांचा माणूस चांगला आहे, त्यालाही माझ्यासारखंच फसवलं. तुला त्रास होऊ नये म्हणून."

मी त्याला "थँक यू, सर" म्हणालो.