साठ दगडांचा विसार

माझे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, आणि त्यालाही फार वर्षे झाली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्या कधी ध्यानात राहिले नाही. ओळ सुरू करते तेव्हा सरळ असते, पण कागदाच्या दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत ती खाली उतरते. हे कोणी वाचावे म्हणून लिहीत नाही. तरी कधी कोणाच्या हाती लागलेच तर त्याने अक्षराची आणि चुकांची क्षमा करावी. यजमानांचा मोडीत चांगला हात आहे, त्यांनी नीट लिहून दिले असते. पण ही हकीकत त्यांना सांगून उतरवून घ्यावी अशी नाही.

यजमान धार दरबारच्या जंगलखात्यात कारकून होते. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांची नेमणूक तिरल्याजवळच्या लाकडाच्या नाक्यावर झाली. दोन खोल्या, वर सपाट धाबे आणि पलीकडे डोंगर. मराठी बोलणारे घर दुसरे नव्हते. असते तरी मी कोणाकडे गेले असते असे वाटत नाही. परका माणूस दारात आला की यजमान घरी नाहीत हे मी तोंडाने सांगत नसे. आतून कडी दोनदा वाजवी. नाक्यावरच्या लोकांना ती खूण ठाऊक झाली होती.

लाकडाची मोळी आणणारी एक भिल्ल बाई होती. तिच्याशी मात्र मी बोलत असे, कारण ती उत्तराची वाट पाहत नसे. दिवाळीनंतर नाले आटले की ती मला डोंगराच्या पायथ्याशी नेई. तिथे गाळात दगड सापडत. वरून बटाट्यासारखे मळकट, पण ओले करून उन्हासमोर धरले की आतून मधासारखा उजेड दिसे. काही पोकळ असत आणि फोडले की आत साखरेसारखे खडे चमकत. ती म्हणे, याला कोणी विचारत नाही, पण मुलांना आवडतात. मी ते तुपाच्या रिकाम्या बरणीत भरू लागले. यजमान हसत, पण अडवत नसत. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत बरणी भरून टोपली भरली.

धारच्या बाजाराला महिन्यातून एकदा जाणे होई. एकदा तांब्याची घागर गळू लागली म्हणून ती घेऊन गेलो. यजमानांना कचेरीत काम होते, म्हणून मी आणि मोळीवाली घागर घेऊन हिंडलो. पदरात चार दगड बांधलेले होते, ते कोणत्या कामाचे हे विचारायचे होते. विचारले मोळीवालीने; मी मागे उभी होते. लोहाराने एक दगड पोलादावर घासून ठिणगी पाडली आणि चकमकीला बरा आहे म्हणाला. कसेऱ्यांच्या गल्लीत घागरीला डाक लागला, पण दगड पाहून तिथला म्हातारा म्हणाला, पितळेला दगड काय करायचा, सोन्यांकडे जा. सोनाराला तिकडे सोनी म्हणतात. तोवर मला सोनार म्हणजे सोनार एवढेच ठाऊक होते. त्या दिवशी कळले की धारेत प्रत्येक धातूची गल्ली निराळी, आणि एक गल्ली दुसरीचे काम हातात धरीत नाही.

सोन्यांच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा सोनी बसे. तो सरदारांच्या घरचे काम घेत नसे. भिल्लांसाठी चांदीच्या जाड अंगठ्या, हासळ्या करी. त्याने दगड दिव्याच्या ज्योतीमागे धरला. हा अकीक आहे, म्हणाला, पण पिवळा. भिल्लांना लाल पाहिजे. लाल करायचे कसे, तेही त्याने सांगितले: चैत्रापासून दोन महिने धाब्यावर कडक उन्हात वाळवायचे, मग मडक्यात भरून गोवऱ्यांच्या मंद आचेत ठेवायचे. मडके आपोआप निवेपर्यंत हात लावायचा नाही. पिवळ्या दगडाला एक आणा, लाल करून आणला तर चार आणे. दसऱ्यानंतरच्या बाजारांसाठी त्याला साठ अंगठ्या करायच्या होत्या. साठ दगडांचे पंधरा रुपये झाले. त्यातले बारा त्याने विसार म्हणून लगेच दिले; त्याला तिकडे बयाना म्हणतात. त्याने रुपये माझ्या ओंजळीत वरून सोडले, बोट लागू न देता. एवढे पैसे माझ्या हातात, माझे म्हणून, पूर्वी कधी आले नव्हते. यजमानांना मी सांगितले नाही. लाल दगड झाल्यावर पंधरा रुपये एकदम दाखवावे असे मनात होते.

ते फाल्गुनात झाले. चैत्रात खानदेशातून भावाचे पत्र आले की आईने अंथरूण धरले आहे. यजमानांच्या हातात महिनाअखेर काही नव्हते. मी बारा रुपये काढले. कुठून आले हे त्यांनी विचारले, तेव्हा सांगावे लागले. ते म्हणाले, "दगडांना पैसे देणारा माणूस भेटला, हेच आश्चर्य." महूपर्यंत बैलगाडी आणि पुढे खांडव्यावरून आगगाडी. पंधरा दिवसांत येईन म्हणून मी गेले आणि आईचे तेरावे करून आषाढात परतले. बारा रुपयांतले काही उरले नव्हते.

टोपली स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होती तशीच होती. वाळत घालायला मी कोणाला सांगितले नव्हते, आणि सांगितल्याशिवाय ते काम कोणाला सुचणार. आभाळ भरून येई आणि मोकळे होई. चार दिवस ऊन पडले, त्यात दगड धाब्यावर पसरले. पाचव्या दिवशी पाऊस दिसला तेव्हा मी ते मडक्यात भरले आणि अंगणाच्या आडोशाला गोवऱ्या रचून पेटवल्या. थांबले असते तर पुढच्या चैत्रापर्यंत थांबावे लागले असते, आणि अंगठ्या दसऱ्याच्या होत्या. थोड्या वेळाने मडक्यातून फुटाणे भाजल्यासारखा आवाज येऊ लागला. मी तो चांगला समजले.

दुसऱ्या दिवशी मडके उघडले. दगड पांढरे पडले होते आणि हातात घेताच त्यांच्या खपल्या होत होत्या. सात शाबूत निघाले. त्यांतले दोन लाल होते, चांगले लाल.

त्यानंतर महिनाभर मी धारला गेले नाही. सोन्याकडून निरोप आला नाही. श्रावणात यजमानांनी बाजाराला जायचे काढले तेव्हा मी दोन लाल दगड पदरात बांधले आणि मोळीवालीला बरोबर घेतले. ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. म्हणाली, हे तू सांग.

सोन्यासमोर परात होती. परातीत साठ अंगठ्या, तयार, प्रत्येकीचे कोंदण रिकामे. त्याने दोन दगड घेतले, उलटेसुलटे केले आणि बाकीचे विचारले नाहीत. एवढेच विचारले, ऊन किती दिवस दाखवले?

"चार," मी म्हणाले. त्याच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

त्याने दगड परातीत ठेवले. मग म्हणाला, "बईजी, आग के आगे तो म्हे भी जल्दी नी करूं." आगीपुढे मीही घाई करीत नाही, असे; पण रागावला नाही. दोन दगड त्याने दोन अंगठ्यांत बसवून पाहिले. खंबायतहून तयार लाल दगड आणवायला आता वेळ नव्हता आणि पैसाही. त्याने बाकीच्या अंगठ्यांतल्या मूठभर उचलून मुशीत टाकल्या आणि भाता ओढायला लागला. मी उभी असतानाच त्या वितळल्या. एकेका कोंदणाला त्याचा किती वेळ लागला होता, हे मला तेव्हा कळत नव्हते; पुढे कळले.

दोन दगडांचा अर्धा रुपया वजा केला. साडेअकरा रुपये राहिले.

यजमानांनी दोष दिला नाही. पुढच्या पगारातून चार रुपये काढून त्यांनी नाक्यावरच्या शिपायाबरोबर पाठवले. शिपाई ते तसेच परत घेऊन आला. सोन्याने सांगितले होते की बयाना ज्या हाताने घेतला त्याच हाताने परत आला पाहिजे. दुसऱ्याच्या हातून आलेला फिटला असे त्यांच्या गल्लीत धरत नाहीत, आणि ज्याचा फिटला नाही त्याच्याशी पुन्हा कोणी व्यवहार करीत नाही. यजमान हसले आणि रुपये खिशात टाकून म्हणाले, "त्याला तुझ्याच हातून हवेत, तर मिळवही तूच." थट्टा होती. पण मला ती तशी सोडून देता आली नाही. कडी वाजवून हे फिटणारे नव्हते. माझा शब्द त्या गल्लीत मेलेला राहणार होता, आणि तो जिवंत करायला मला तिथे तोंडाने बोलत जावे लागणार होते.

गेले तेव्हा हात रिकामे होते. मी म्हणाले की हळूहळू देईन. त्याची बायको आतून बाहेर आली होती. ती माझ्या गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीकडे पाहत होती. मणी कोणी ओवले, तिने विचारले. मी. मग तिने एक डबी आणली. मराठा घरांतल्या पोती तुटून त्यांच्याकडे येत, आणि मणी ओवणारा तिथला पटवा आपल्या पद्धतीने ओवून देई. बायका परत पाठवीत. मला आईने शिकवलेली गाठ येत होती. एका पोतीचे दोन आणे ठरले.

मी म्हणाले, ते विसारातून वळते करा. सोनी म्हणाला, नाही. मजुरी तुझी, ती घरी ने. बयाना निराळा. त्यामुळे दर महिन्याला तो मला मजुरी देई, ती मी घरी आणी, आणि पुढच्या महिन्यात तीच घेऊन त्याच्यापुढे उभी राही. यजमान म्हणत, "पैसे हवा खायला तिरल्याला येतात." प्रत्येक वेळी सोनी मोठ्याने रक्कम विचारी आणि मला मोठ्याने सांगावी लागे, शेजारचे दोन सोनी ऐकत असत. पहिल्या वेळी माझा आवाज निघाला नाही; त्याने पुन्हा विचारले. वर्षभरात निघू लागला.

काही महिने चार पोती येत, काही महिने एकही नाही. तीन वर्षांत साडेआठ रुपये फिटले. मग सोन्याची नजर गेली आणि मुलगा त्याला देवासला घेऊन गेला. तिकडे त्याने दुकान काढले होते. तीन रुपये राहिले. ते कोणी मागितले नाहीत.

त्यानंतरच्या माघात देवासला नणंदेच्या मुलाचे बारसे होते. यजमानांना रजा नव्हती. दिरांबरोबर मी गेले. चार रुपये जवळ होते, तीन त्याचे आणि एक परतीच्या गाडीभाड्याचा. बारशाच्या दुसऱ्या दिवशी दिरांना घेऊन विचारत विचारत दुकान शोधून काढले. विचारले मी. सोन्याचा मुलगा म्हणाला, तीन रुपयांसाठी एवढ्या लांब कशाला, ठेवा गल्ल्यावर. म्हातारा आत खाटेवर होता. त्याने आवाज ओळखला आणि हात पुढे केला.

मी रुपये त्याच्या तळहातावर वरून सोडले. त्याने एकेक रुपया बोटांच्या टोकांवर तोलला. तिसरा दोनदा तोलला आणि परत केला. "घिसेल है," म्हणाला; रुपया झिजलेला होता. मुलगा ओशाळला, बाबा, चालतो तो, म्हणाला. म्हातारा हात तसाच पुढे धरून बसला.

मी गाडीभाड्याचा रुपया काढून दिला. तो त्याने तोलला आणि मूठ मिटली. मग त्याने विचारले, "कितरा?"

"तीन," मी म्हणाले. "आणि आधीचे मिळून बारा. सगळे."

त्याने मुलाला हाक मारून दोन शेजाऱ्यांना बोलवायला सांगितले, आणि ते आल्यावर त्यांच्यासमोर म्हणाला की धारचा बयाना पुरा आला.